यंदा सीताफळं पाठवत नाही

वनपुरी,
14 सप्टेंबर

चि. सौ. मीनूस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, त्यापेक्षा तुम्ही पत्र लिहा. फोनवर तुम्ही शुगर किती आली याच्यापलीकडे काही विचारतच नाही." आई शेजारीच भाजी निवडत होती, तिनेही मान डोलावली. म्हणून हे पत्र. यात आकडा विचारणार नाही. दादा शनिवारी रात्रीच्या गाडीने बंगळूरला निघतोय, त्याच्याजवळ पाकीट देतो.

तू सीताफळांची पेटी नको म्हणालीस, पण तुझ्या आबाकाकाने ती आदल्याच दिवशी भरली होती. दरवर्षीसारखी. खाली पाला, मग फळं, मध्ये कागद, वर पुन्हा फळं, आणि सगळी डोळा नुकता उघडलेली, म्हणजे तुझ्या दारात पोचेपर्यंत हाताला मऊ लागावीत. वर खडूने तुझं नाव घातलंय, माहेरचं. आता ती पडवीत आहे आणि घरभर वास सुटलाय. मी आबाला म्हटलं, सासवडला नेऊन विकून टाक, सध्या भाव बरा आहे. तर म्हणाला, नाव घातलेली पेटी विकत नसतात. हा नियम कधी झाला मला माहीत नाही. पोरं खातील, उरलेल्याची वहिनी रबडी करेल.

तू आपण होऊन नको म्हणालीस याचं मला कौतुक वाटलं. डोहाळे कशाचे लागलेत ते आईने मला सांगितलंय. असल्या दिवसांत माणूस लपूनछपून मातीसुद्धा खातं, आणि तू दोन महिने वाट बघितलेली पेटी एका वाक्यात परत केलीस. आपल्या घरात एवढा निग्रह कुणाला नव्हता. आमच्या बाईला, म्हणजे तुझ्या आजीला, तर नव्हताच. मला वाईट वाटलं असं आई म्हणते, पण तसं काही नाही. पेटी तिथे पडलीय म्हणून जाता-येता लक्ष जातं, एवढंच.

तुझा फोन झाल्यावर मी सासवडला आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. स्वतःचं काही दाखवायला नव्हे. नंबर लावून बसलो आणि तुझं विचारलं. त्यांनी नीट समजावलं. पोटुशी बाईला 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात, ते 140 च्या आत हवं. तुझं 158 आलं. (हा आकडा मी विचारलेला नाही, तूच सांगितला होतास, त्यामुळे लिहिला तर चालेल.) असं पुष्कळ जणींना होतं म्हणाले. खाणं सांभाळलं, चालणं ठेवलं की बहुतेकींचं गोळीवाचून भागतं, आणि बाळंतपणानंतर बहुधा उतरतं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. लक्ष दिलं नाही तर बाळाचं वजन जास्त वाढतं, म्हणून जपायचं. मी त्यांना बाईच्या पायाचं सांगायला लागलो तर हसले. म्हणाले, "काका, तुमच्या आईची गोष्ट वेगळी, मुलीची वेगळी. दोन फायली एकात घालू नका."

मला ते कळतं. पण घरात चप्पल घालतेस ना? फरशीवर अनवाणी फिरू नकोस. पायाला कुठे चिरा, फोड?

बघ, पुन्हा बाईच्या फायलीत शिरलो.

तू पाहिलीस ती शेवटची बाई. काठी, मऊ बूट, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारी. मी पाहिलेली वेगळी होती. ती तुला सांगायची राहूनच गेली. कंडक्टरची नोकरी अशी की घरी असायचो तेव्हा झोपलेला असायचो. तर आता सांगतो. शुगरशी त्याचा संबंध नाही.

वरच्या माळावर आज आबाची गोल्डन जातीच्या सीताफळांची बाग आहे, तिथे तेव्हा नुसता मुरूम होता आणि बांधाच्या कडेकडेने गावठी सीताफळ. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. शेळ्या-गुरं त्या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून टिकलेलं. भाद्रपद लागला की बाई पहाटे कंदील घेऊन वर जायची आणि मी मागे पाटी घेऊन. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचा पांढरट-पिवळ्या दिसायला लागल्या की डोळा उघडला. त्याआधी तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून कडक होतं. उशीर केला तर झाडावरच उकलतं आणि खारी, पाखरं ताव मारतात. मधले दिवस थोडेच. बाई कंदील वर धरायची, फळ बोटांनी जरा फिरवून बघायची आणि "हे उद्या" म्हणून सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी अंधारात बरोबर त्याच फांदीपाशी जायची. मला अजून एका झाडाची दोन फळं ध्यानात राहत नाहीत.

उजाडेपर्यंत अंगणात चार ढीग लागायचे. थोरली, मधली, बारकी, ही तीन बाजाराची. चौथा आमचा. उकललेली, पाखराने टोचलेली, हातातून निसटून फुटलेली. त्या चौथ्या ढिगातलंसुद्धा बाई सगळ्यांत शेवटी घ्यायची, तेही कडेच्या बियांना चिकटलेलं. आम्ही भावंडं पायरीवर बसून खायचो आणि बिया कोण लांब फेकतो याची शर्यत लावायचो. त्यातल्या मूठभर बाई वेचून ठेवायची. तुझ्या आत्याच्या डोक्यात उवा झाल्या की त्या वाटून केसांना लावायची, वर फडकं घट्ट बांधायची आणि "डोळे उघडलेस तर बघ" म्हणून दम द्यायची. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जायचा. आत्या अर्धा दिवस डोळे मिटून भिंतीला टेकून बसायची आणि आम्ही तिच्या समोर चिंचा खायचो.

सीताफळ एका बाजूने चेपलेलंच असतं अशी माझी बरेच दिवस समजूत होती. अख्खं फळ दोन्ही हातांत धरून, मधोमध उघडून खाल्लंय असं लहानपणातलं एकच वर्ष आठवतं. 72 चं.

मी दहा वर्षांचा. विहिरी तळाला गेलेल्या, कऱ्हेच्या पात्रात नुसती वाळू. बाई आणि आप्पा खडी फोडायच्या दुष्काळी कामावर. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी वाटायचे, ती बाई स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. रानात काहीच नव्हतं. पण माळावरच्या सीताफळांना त्याही वर्षी फळ धरलं, लिंबाएवढं. एवढ्याशा फळाला बाजारात कोण विचारणार? म्हणून ती सगळी आमची झाली. ढीग नाहीत, निवडणं नाही. एका फळात गर चमचाभर आणि बिया पाच-सहा, पण न फुटलेलं. गावात लोक तोंड काळवंडून बसलेले आणि आम्ही पोरं मजेत. दुष्काळ म्हटलं की आबाला अजून आधी सीताफळ आठवतं. ते तो कुणासमोर बोलत नाही, कारण ते बरं दिसत नाही.

बाईला अक्षरओळख नव्हती. पुण्याहून आडत्याची पट्टी आली की मी वाचायची, ती चुलीकडे तोंड करून ऐकायची. एकूण इतके, वजा हमाली, वजा तोलाई, वजा आडत, वजा गाडीभाडं, हाती इतके. एकदा मी वाचून मोकळा झालो तर म्हणाली, "परत वाच. पाट्या किती लिवल्यात?" पाच. तिने पाठवलेल्या सहा. दुसऱ्या दिवशी ती पट्टी पदराला बांधून स्वतः गेली आणि सहाव्या पाटीचे पैसे घेऊन आली. वर मुनिमाकडचा चहा पिऊन. तू सी.ए. झालीस तेव्हा पेढे वाटताना लोक मला म्हणत होते, कंडक्टरची पोरगी हिशेबात हुशार निघणारच. मी मान हलवायचो. पण हिशेब माझा नव्हे. मी नुसता वाचून दाखवायचो.

84 साली मी एसटीत लागलो, सासवड आगाराला. पहिल्याच सीताफळाच्या हंगामात मला आपल्याच गावची मुक्कामी गाडी मिळाली. पहाटे अंधारातून सुटायची. पहिल्या दिवशी बघतो तर थांब्यावर बाई, चार पाट्या घेऊन. पाट्या टपावर चढवल्या, तिला पुढे बसवलं, मी तिकिटं फाडत फाडत तिच्यापाशी आलो आणि तसाच पुढे निघालो. तिने बाही धरली. "माझं फाड. पाट्यांचं बी फाड." मी हळूच म्हटलं, मी खिशातून भरतो. "तुझा खिसा आन माझी चंची काय येगळी हाय? फाड." सगळी गाडी ऐकत होती. फाडलं. दिवे घाट उतरून हडपसरला आलो तर तपासणी पथक चढलं. साहेबाने टपावरच्या पाट्या मोजल्या, लगेजचं तिकीट मागितलं. बाईने चंची सोडली, सुपारी बाजूला केली, तिकिटं एकेक करून त्याच्या हातावर ठेवली. उतरताना साहेब मला म्हणाला, "म्हातारी पक्की आहे." बाई तेव्हा पंचेचाळिशीचीही नव्हती. मी काही बोललो नाही. डबल बेल दिली.

त्या साहेबाला ती माझी आई आहे हे कधीच कळलं नाही. हे आठवलं की मला अजून बरं वाटतं. का, ते सांगता येणार नाही.

सकाळचा नाश्ता वेळेवर करतेस ना? डॉक्टर म्हणाले, उपाशी राहून शुगर उतरवायला जाऊ नये, त्याने घोळ होतो. उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत असं धरायचं. जेवण झालं की लगेच लॅपटॉप उघडायचा नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं. गच्चीत चाल, जिन्यात नको. भात कमी, भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ. त्या ऑफिसातल्या रात्रीच्या मीटिंगा आता बंद कर म्हणावं. बाळ तुझं आहे, कंपनीचं नाही. आणि अमितरावांनाही सांग, त्यांनी समोर बसून आइस्क्रीम खायचं नाही. ज्या घरात एकाला पथ्य त्या घरात सगळ्यांना पथ्य. आमच्या घरात आम्ही ते पाळलं नाही...

हे व्याख्यान झालं. ऑडिट करणाऱ्या मुलीला मी आकडे शिकवतोय. आई म्हणते तू तक्ता करून भिंतीला लावलायस, प्रत्येक जेवणाची नोंद आहे. मग मी कशाला लिहितोय? खोडत नाही, खोडलं तर कागद वाईट दिसेल. वाचू नकोस तेवढं.

बाईची शुगर निघाली 96 साली, तू दोन वर्षांची असताना. सारखी तहान, रात्री चार-चार वेळा उठणं, अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं. तोवर घर जरा सावरलं होतं. माझा पगार होता, आबाने ठिबक टाकून बाळानगर सीताफळाची कलमं लावली होती. पाट्या उचलायला गडी होता. घरात पहिल्यांदा असे दिवस आले की थोरल्या ढिगातलं फळ बाईच्या ताटात पडू शकत होतं. आणि त्याच साली डॉक्टर म्हणाले, आंबा, चिकू, केळी, सीताफळ बंद.

मी थोरला. त्यातून कंडक्टर. नियम लावून दिला, बाईच्या खोलीत सीताफळ जायचं नाही. दोन-तीन हंगाम मला वाटत होतं की ती पाळतेय. मग एका दिवाळीच्या आधी आईने तिची वाकळ उन्हात टाकली आणि घडीतून बिया गळल्या. काळ्या, चकचकीत, मूठभर. मी तिला बोललो. हळू नाही बोललो. ती जात्याशेजारी बसली होती. म्हणाली, "मंग पिकवलं कुणासाठी?" मी म्हटलं, बाई, पाय जाईल. तर म्हणाली, "जाऊ दे. लई चालले."

मी चूक बोललो असं मला आजही वाटत नाही. मुलगा म्हणून दुसरं काय बोलायचं? पण भाद्रपद आला की तिचं ते उत्तर कानाशी येतं, आणि माझ्याजवळ त्याला प्रत्युत्तर नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो.

तू परवा आईला विचारलंस म्हणे, "आजीचा अंगठा माझ्यामुळे गेला का गं? मीच तिला द्यायचे." आणि रडलीस. आईने मला रात्री सांगितलं. मला झोप लागली नाही.

मीनू, त्या बिया वाकळीत कशा आल्या हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तू पाच-सहा वर्षांची. फ्रॉकच्या खिशाला आतून गर सुकून कडक झालेला. मी विचारलं तर म्हणालीस, खारीने टाकल्या. खार वाकळीत शिरली म्हणे, आणि घडीसुद्धा घालून गेली. मला हसू आवरेना म्हणून मी आवाज चढवला. त्यानंतरही तू नेत होतीस. मला दिसायचं, मी बघून न बघितल्यासारखं करायचो. आठवड्यातून एखादं फळ, बारक्या ढिगातलं. शुगरवाल्याने तेवढं खाऊ नये हे खरं, पण तेवढ्याने अंगठा जात नाही.

अंगठा कशाने गेला ते ऐक. 2003 च्या उन्हाळ्यात ती अनवाणी बांधावर गेली. बाभळीचा काटा मोडला. शुगरने पायाची संवेदना आधीच गेलेली, तिला कळलंच नाही. पाय सुजला तेव्हा हळद लावून फडकं बांधलं आणि आठ दिवस कुणाला दाखवलं नाही, कारण आबाच्या मेहुणीचं लग्न होतं. गोळ्या ती मनाला येईल तेव्हा घ्यायची, बरं वाटलं की बंद. दवाखान्यात नेलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. यात तुझी सीताफळं कुठेही नाहीत. डॉक्टरांनी तेव्हा कारणं सांगितली, त्यात काटा होता, अनवाणी पाय होते, चुकवलेल्या गोळ्या होत्या आणि उशीर होता. मी समोर उभा राहून ऐकलंय.

आणि ती नंतर सहा वर्षं जगली. बूट घालून. तुला दहावीला किती टक्के पडले ते अख्ख्या आळीला सांगून मग गेली.

दुसरं एक सांगतो. त्या वेळी घरात आम्ही सगळे तिला काय खायचं नाही ते सांगत होतो. न फुटलेलं फळ तिच्या हातावर ठेवणारी तू एकटी होतीस. मला ते जमलं नाही. जमायलाही नको होतं, कुणीतरी नाही म्हणणारा लागतोच. पण कुणीतरी ठेवलं याचं मला बरं वाटतं, आणि ते तूच होतीस याचं जास्त.

आता शुगर माझ्या अंगावरून गेली, आबाला धरलं आणि तुला गाठलं. मला का सोडलं कोण जाणे. माझी दरवर्षी तपासतात, दरवर्षी चांगली येते, आणि या वर्षी चांगली आली तेव्हा मला राग आला. माझ्या वाटची तुला कशाला? आई म्हणते असं काही नसतं. नसेल. काल रात्री जेवणानंतर किती...

नाही विचारत.

इकडची खबर. पितृपक्ष चालू आहे. बाईची तिथी झाली. आबाच्या बायकोने पान वाढलं, खीर, वडे, आमसुलाची चटणी सगळं, आणि वर थोरल्या ढिगातलं एक सीताफळ. मग एकदम हात मागे घेऊन म्हणाली, "अगं बाई, आत्यांना शुगर होती की!" आम्ही सगळे हसलो. भटजीसुद्धा. सीताफळ ठेवलं तसंच.

विमानतळाचं काय झालं असं दादा विचारेल, तुझ्यासमोर त्याचं आणि आबाचं फोनवर वाजेल, तू मध्ये पडू नकोस. विमानतळासाठी ज्यांची जमीन घ्यायची म्हणतात त्या सात गावांत आपलं गाव आहे एवढं खरं. माळ राहणार की जाणार यावर आबा रात्रभर जागतो आणि सकाळी उठून छाटणीला जातो. यंदा त्याची गोल्डनची फळं अर्ध्या किलोच्या पुढे गेलीत. बी कमी, गर जास्त, टिकतंही चांगलं. व्यापारी खूश. बार्शीकडची ती जात सगळ्या तालुक्यात पसरलीय, आणि जाधववाडीच्या संशोधन केंद्राची फुले पुरंदर ही जातही लोक लावतात. मी खाऊन बघितलं. चांगलं आहे. पण गावठीचा तो रवाळ गर, जिभेवर दाणा दाणा लागतो, तो नाही त्यात. आबा म्हणतो तुझी जीभ म्हातारी झाली. बांधावर गावठीची चार झाडं मी राखायला लावलीत, तोडायची नाहीत म्हणून.

ओटीचं. सातवा लागलाय, आई दसऱ्याच्या आत तिकडे येऊन ओटी भरणार आहे. ओटीत पाच फळं असतात. त्यात सीताफळ असावं की नसावं यावर घरात दोन तट पडलेत. वहिनी म्हणते, ओटीतलं फळ पोटुशीने खायचंच असतं, मग ठेवून जीव कशाला घालवायचा. आई म्हणते, त्याशिवाय आपल्याकडची ओटी कसली. शिवाय सीताफळ थंड, बाळाला सर्दी होईल, असं तिसरं एक मत शेजारून आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मला विचारलं तर मी म्हटलं, मीनू ठरवेल. तुझ्या तिथल्या डॉक्टरबाईंना विचार. त्या म्हणाल्या अर्धं चालेल तर अर्धं खा, जेवणावर नको, मधल्या वेळेला, आणि नंतर मोज. नको म्हणाल्या तर ओटीत ठेव आणि अमितरावांना दे. त्यांना सीताफळ नीट खाता येत नाही, सुरीने कापतात, पण असो.

दादाच्या पिशवीत काय काय आहे ते लिहितो, म्हणजे वाटेत त्याने खाल्लं तर कळेल. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, वाळवलेली मेथी, आणि दारच्या झाडाचे पेरू. पेरू चालतो म्हणाले. शंभर ग्रॅमला 14 ग्रॅम कर्बोदकं, सीताफळात 23-24. मी लिहून आणलंय. फार पिकलेला खाऊ नकोस, जरा करकरीत असताना खा. लाडू पाठवलेले नाहीत. आई डिंक आणून बसलीय, पण ते बाळंतपणानंतर, आणि तेव्हाही तुझी तपासणी झाल्यावर.

बाळंतपणाला इकडे यायचं का तिकडेच, ते तुम्ही दोघं ठरवा. पहिलं बाळंतपण माहेरी, असं आई दहा वेळा म्हणेल. मी म्हणणार नाही. दिवे घाटात रस्ता रुंद करायचं काम चाललंय, सारखा खोळंबा होतो, रात्री-अपरात्री पुण्याला न्यायची वेळ आली तर मला धास्ती वाटते. तिथे दवाखाना दहा मिनिटांवर आहे म्हणालीस. तेच बरं. आम्ही दोघं येऊन राहू. मला तिथली बस आवडते, कंडक्टर शांत असतात.

आईचे दोन स्टीलचे डबे दादाबरोबरच परत पाठव. झाकणांवर नाव कोरलेलं आहे आणि ती मोजून ठेवते.

अमितरावांना आशीर्वाद.

तुझे
अण्णा

ता. क. शुगर मोजायच्या मशिनच्या पट्ट्यांची डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि झाकण लगेच लावायचं, दमट झाल्या की चुकीचं दाखवतात. डबी उघडली त्या दिवशीची तारीख वर पेनाने लिहून ठेव. मेडिकलवाल्याने सांगितलं.